जबड्याचा सांधा मोकळा करायचं ऑपरेशन, अँकिलोझिंगच्या (मणके चिकटवणारा संधिवात) पेशंटचा नऊ महिन्यांनंतरचा रिव्ह्यू (५ पैकी ४ स्टार)

आधी आकडे सांगतो, कारण मी शोधत होतो तेव्हा मला तेच पाहिजे होते आणि कुणीच लिहिलेले नव्हते. ऑपरेशनच्या आधी माझं तोंड पुढच्या दातांत पट्टी धरून मोजलं तर ५ मिलिमीटर उघडायचं, म्हणजे करंगळी पण आत जात नव्हती. ऑपरेशन टेबलवर ३६ झालं, दुसऱ्या आठवड्यात सूज आणि दुखण्यामुळं २२ वर आलं, आणि आज नऊ महिन्यांनी ३३ आहे. चांगल्या माणसाचं साधारण ३५ ते ५० असतं. घरी बघायचं तर स्वतःचीच तीन बोटं एकावर एक धरून दातांमधून आत जातात का बघायची. माझी आता अडीच जातात, तिसरं अडकतं, पण मला काही तक्रार नाही.

मी ३८ वर्षांचा, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाचं काम बघतो. चोविसाव्या वर्षी कंबर धरायला लागली. पहाटे चार वाजता दुखण्यानं जाग यायची, उठून घरात फेऱ्या मारल्या की तासाभरानं सुटायची, आणि सुट्टीच्या दिवशी जास्त वेळ पडून राहिलं तर जास्तच धरायची. आता कळतंय की हीच त्याची खूण आहे, साधी कंबरदुखी आरामानं बरी होते आणि ही आरामानं वाढते. पण तेव्हा सगळे म्हणायचे बसून काम आहे म्हणून होतंय, गादी बदल, बाईकवर कमी फिर. सहा वर्षं त्यातच गेली. मग पुण्याच्या संधिवाताच्या डॉक्टरांनी माकडहाडाच्या वरच्या दोन सांध्यांचा एमआरआय काढायला लावला, ह्या आजाराची रक्ततपासणी असते एचएलए बी-२७ ती पॉझिटिव्ह आली, आणि अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस हे नाव पहिल्यांदा कानावर पडलं. तोपर्यंत मान निम्मी गेली होती. आता मागचं बघायला मला सगळं अंगच वळवावं लागतं, आणि भिंतीला पाठ लावून उभं राहिलो तर डोकं भिंतीला टेकत नाही, मधी चार बोटं राहतात.

जबडा तेहतिसाव्या वर्षी सुरू झाला. उजव्या कानाच्या पुढं सकाळी जड वाटायचं. सोलापूरच्या माणसाला हे लगेच कळतं कारण आपल्याकडं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी हा रोजचा विषय आहे. आधी भाकरी मोडून तोंडात टाकायचो ती भिजवून खायला लागलो, मग दुधात काला, मग बारीक केलेला काला, आणि शेवटची दोन वर्षं तर डाव्या बाजूची एक दाढ आधीच काढलेली होती त्या फटीतनं पातळ पिठलं, आंबील, वरणाचं पाणी असलं चमच्यानं ओतायचं. ६२ किलोचा मी ४९ वर आलो. ब्रश आतून फिरत नव्हता, दात किडत होते आणि दाताचा डॉक्टर म्हणायचा तोंडच उघडत नाही तर मी काय करू. उलटी होईल ह्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटायची, तोंड बंद असताना उलटी आली तर ती जाणार कुठं, म्हणून मी लग्नाबिग्नाला पण काही खात नव्हतो.

आता ह्यातली जी गोष्ट मला अजून सलते ती सांगतो. तोंड उघडत नाही म्हटलं की आपल्याकडं पहिला प्रश्न एकच येतो, गुटखा किती वर्षं खाताय? मी आयुष्यात गुटखा खाल्लेला नाही, सुपारी पण नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे पण मिळतोय सगळीकडं आणि त्यानं तोंड आखडलेली माणसं प्रत्येक गल्लीत आहेत, त्यामुळं डॉक्टरांनी विचारणं बरोबरच आहे, माझं म्हणणं एवढंच की माणूस नाही म्हणतोय तर गालाच्या आत बोट घालून बघा तरी. एका क्लिनिकमध्ये न बघता तोच रोग धरून माझ्या गालात आठवड्याला एक अशी सहा इंजेक्शनं दिली. काडीचा फरक पडला नाही आणि वर सासुरवाडीत चर्चा, जावई लपून खातोय म्हणून. बायकोला तिच्या स्वतःच्या काकानं विचारलं, हे मी विसरू शकत नाही.

म्हणून फरक इथं लिहून ठेवतो. सुपारी-गुटख्याच्या आजारात गालाची आतली कातडी पांढरट आणि चामड्यासारखी कडक होते, बोटाला दोऱ्या लागतात, आणि तिखट खाल्लं की आग होते. माझे गाल आतून मऊ होते, आग कधीच नव्हती, अडचण कानापुढच्या हाडात होती. तोंड उघडायचा प्रयत्न करताना दोन्ही बोटं कानाच्या पुढं ठेवा, चांगला सांधा बोटाखाली सरकताना कळतो, माझा उजवा दगडासारखा गप्प होता.

ह्या हॉस्पिटलमध्ये मी पहिल्यांदा आलो तेव्हा जबड्याच्या सर्जननी (मॅक्सिलोफेशियलवाले म्हणतात त्यांना) नेमकं हेच केलं. गालात बोट, कानापुढं बोट, मग ओपीजी (अख्ख्या जबड्याचा एक्स-रे) आणि सीटी स्कॅन. सीटीचं थ्रीडी चित्र त्यांनी कॉम्प्युटरवर फिरवून दाखवलं. डाव्या बाजूला जबड्याचं टोक आणि कवटीची खाच ह्यांच्यामध्ये काळी रेघ दिसत होती, बारीक झालेली पण होती. उजवीकडं रेघच नाही, सगळं एकच हाड. मी त्यांना म्हणलं सर म्हणजे मणक्यासारखंच झालंय ना, तर ते हो म्हणाले. ह्या आजारात सांध्याला सूज येते आणि सूज येऊन येऊन शरीर तिथं नवीन हाड घालतं, मणके एकमेकांना जोडले जातात तसाच कधीकधी जबडा पण जोडला जातो. जबडा थोडाफार आखडणं बऱ्याच पेशंटना होतं पण असा पूर्ण चिकटणं फार कमी लोकांत होतं, हे पण त्यांनी सांगितलं, कारण अँकिलोझिंग असलेल्या प्रत्येकानं घाबरायचं कारण नाही. आपल्याकडं जबडा चिकटायचं मुख्य कारण म्हणजे लहानपणी हनुवटीवर पडणं, त्यांच्याकडं येणारी बहुतेक पोरं तीच असतात, काहींना कानातला पू पण कारण होतो.

आता ऑपरेशनचे पर्याय. हे त्यांनी मला आणि बायकोला समोर बसवून पाऊण तास सांगितलं, घाई नाही, आणि मी त्या पाऊण तासासाठी एक स्टार वेगळा द्यायला तयार आहे.

एक म्हणजे पूर्ण कृत्रिम सांधा, सीटीवरनं मापानं बनवलेला, खाचेच्या बाजूला प्लास्टिकसारखं घट्ट पॉलिथिलीन आणि जबड्याच्या बाजूला धातू. संधिवाताच्या मोठ्या माणसांत, त्यातही दोन्ही बाजू गेलेल्या असतील तर हा चांगला कारण जबड्याची उंची टिकते आणि पुन्हा हाड धरायची शक्यता कमी. पण खर्च मोठा, एका बाजूचाच माझ्या सगळ्या ऑपरेशनपेक्षा जास्त होत होता. दुसरा म्हणजे बरगडीचा तुकडा काढून तिथं बसवायचा, तो वाढत्या वयाच्या पोरांना करतात कारण तो त्यांच्याबरोबर वाढतो. माझ्यासाठी त्यांनी सरळ नको सांगितलं, एक तर आजार अंगात आहे तो नवीन तुकड्यावर पण जाऊ शकतो, आणि आमच्या आजारात छातीच्या बरगड्या आधीच नीट फुगत नाहीत त्यात तिथं कापायचं म्हणजे श्वासाला त्रास. तिसरा, चिकटलेलं हाड कापून एक-सव्वा सेंटीमीटरची फट करायची आणि ती परत जुळू नये म्हणून कानशिलाचा स्नायू खाली वळवून मधी गादीसारखा घालायचा. माझी एकच बाजू पूर्ण चिकटली होती म्हणून तिसरा ठरला. पण त्यांनी तेव्हाच कागदावर लिहून दिलं की ह्यात तोंड उघडताना जबडा उजवीकडं सरकणार, दात थोडे वेगळे बसतील, व्यायाम सोडला तर पुन्हा चिकटणार, आणि चिकटलं तर मग कृत्रिम सांध्याचाच विचार करावा लागेल. असं लिहून देणारा डॉक्टर मला पहिल्यांदा भेटला.

पण मला ह्या रिव्ह्यूत जे खरं सांगायचंय ते सर्जनबद्दल नाहीच. अँकिलोझिंगवाल्यांनो, जबड्याचं ऑपरेशन ठरवताना सर्जनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना भेटा. आपल्या केसमध्ये कापाकापीपेक्षा भूल अवघड आहे. साध्या माणसाला झोपवून, मान मागं करून, तोंड उघडून श्वासाची नळी घालतात. आपलं तोंड उघडत नाही आणि मान मागं जात नाही, आणि मान जोर लावून मागं केली तर चिकटलेला मणका बांबूसारखा तटकन मोडू शकतो, खाली मज्जारज्जू आहे. ह्याच कारणासाठी सांगतो, न्हाव्याकडं कटिंग झाल्यावर मान मोडून घ्यायची सवय असेल तर आजपासून बंद करा. मी पण घ्यायचो, आजार कळला नव्हता तेव्हा, आता आठवलं तरी अंगावर काटा येतो.

इथल्या भूलतज्ज्ञ मॅडम आदल्या दिवशी संध्याकाळी वॉर्डात आल्या. पहिलं मला भिंतीला उभं केलं आणि डोकं आणि भिंतीतलं अंतर मोजलं. मग एकेक नाकपुडी बंद करून श्वास घ्यायला लावला, डावीकडनं चांगला येतोय हे लिहून घेतलं. मग एक प्रश्न विचारला जो मला आजवर कुठल्याच डॉक्टरनं विचारला नव्हता, घरी झोपताना किती उशा घेता? मी म्हणलं दोन उशा आणि वर चादरीची घडी, त्याशिवाय डोकं लोंबकळतंय. त्या म्हणाल्या तीच चादर उद्या आणा. बायकोनं जुळे सोलापूरला घरी जाऊन आमची लाल-काळी मोराची चादर आणली, तीच रोजची घडी, आणि सकाळी ऑपरेशन टेबलवर त्यांनी माझ्या डोक्याखाली हॉस्पिटलच्या उशा आणि माझी चादर प्लास्टिकमध्ये गुंडाळून अशी लावली की मान बरोब्बर घरच्यासारखी राहिली. झोपवल्यावर मान तशीच राहणार, कुणी हलवणार नाही, असं त्यांनी तिथल्या सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं. ऑपरेशन कानापुढं करायचं म्हणजे डोकं एका बाजूला वळवतात म्हणे, माझं वळत नाही म्हणून त्यांनी टेबलच तिरका केला.

नळी मला जागा ठेवून घातली. हे ऐकून मी रात्रभर झोपलो नव्हतो त्यामुळं खरं काय होतं ते सांगतो. आधी नाकात थेंब, मग वाफेच्या मशीनमधनं बधिर करायचं औषध, घसा असा होतो की थुंकी गिळली की नाही ते कळत नाही. नाकात जेल लावलेली पट्टी. हातातल्या सलाइनमधनं थोडं गुंगीचं औषध, पण बोललेलं सगळं कळतं. मग पेन्सिलीपेक्षा बारीक काळी नळी, पुढं कॅमेरा आणि लाइट, डाव्या नाकातनं हळूहळू आत. मॅडम सारखं बोलत होत्या, श्वास घ्या, मोठा घ्या, आता खोकला येईल, आला तर येऊ द्या. आला. डोळ्यातनं पाणी आलं. दुखलं असं नाही म्हणणार, गुदमरल्यासारखं दोन-तीन वेळा झालं आणि मी त्यांचा गाऊन धरला होता. मग त्या म्हणाल्या आता बोलून बघा, आणि आवाजच येईना, म्हणजे नळी बरोबर जागी बसली. त्यानंतर मॉनिटरवर श्वासाची रेघ बघूनच झोपेचं औषध दिलं. नाक-कान-घशाचे सर्जन बाजूला गळ्याला छिद्र पाडायची सगळी तयारी मांडून उभे होते, लागलं नाही, पण ते उभे होते हे मला नंतर कळलं आणि बरं वाटलं.

कुठल्या हॉस्पिटलला जायचं ठरवताना हे दोनच प्रश्न विचारा. जागेपणी कॅमेऱ्यानं नळी घालायची सोय आहे का आणि ती नेहमी कोण घालतं. बघू, झोपवल्यावर काहीतरी करू असं उत्तर आलं तर उठून या.

ऑपरेशन पाच तास चाललं. कानाच्या पुढनं वर केसात वळणारी चीर आहे, आता कुणाला दिसत पण नाही. सर्जननी नंतर पट्टीवरचे आकडे सांगितले, उजवं चिकटलेलं हाड कापल्यावर तोंड २१ उघडलं, जबड्याचं पुढचं टोक असतं ज्याला कानशिलाचा स्नायू धरतो ते उजवीकडचं कापल्यावर २७, आणि मग तोंडातनं डावीकडचं तेच टोक कापलं तेव्हा ३६. इतकी वर्षं हललाच नव्हता म्हणून चांगल्या बाजूचा स्नायू पण आखडला होता. ३५ च्या वर जाईपर्यंत थांबायचं नाही असा त्यांचा नियम आहे, हे मला आवडलं, २७ वर कुणी समाधान मानून शिवलं असतं तर मला कळलं पण नसतं.

रात्र आयसीयूत, नळी पूर्ण शुद्धीवर आल्यावरच काढली. नर्सेस चांगल्या, एक सिस्टर तेलुगू बोलणाऱ्या होत्या त्यांनी माझ्या शेजारच्या पद्मशाली आजोबांशी तेलुगूत, बायकोशी मराठीत आणि वॉर्डबॉयशी कन्नडमध्ये बोलत अख्खी रात्र काढली. एप्रिलचा शेवट, बाहेर ४२ डिग्री, डोक्याला घट्ट पट्टी, एसी चालू होता ते नशीब.

उजवी भुवई वर जात नव्हती आणि उजवा डोळा पूर्ण मिटत नव्हता. चेहऱ्याची नस तिथनंच जाते, ताणली जाते, हे आधी सांगितलं होतं तरी आरशात बघून मी हादरलो. रात्री मलम घालून डोळ्यावर पट्टी लावायची, दिवसा थेंब. डोळा सहा आठवड्यांत मिटायला लागला, भुवई चौथ्या महिन्यात. अजून फोटोत थोडी खाली दिसते.

संधिवातासाठी माझं पंधरा दिवसांनी घ्यायचं अडॅलिमुमॅबचं इंजेक्शन चालू आहे. त्यानं शरीराची प्रतिकारशक्ती दबते म्हणून जखमेला जंतू धरायची भीती असते. इथल्या सर्जननी स्वतः पुण्याच्या डॉक्टरांना फोन केला, एक डोस चुकवून तिसऱ्या आठवड्यात ऑपरेशन धरलं, आणि टाके काढून जखम कोरडी झाल्यावर मगच परत सुरू केलं. मधल्या काळात कंबर भयंकर धरली, त्याची तयारी ठेवा. पण स्वतःच्या मनानं बंदही करू नका आणि चालूही ठेवू नका, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा.

आता व्यायाम. सर्जन म्हणाले होते माझं काम पाच तासांचं, तुमचं एक वर्षाचं. तिसऱ्या दिवशी फिजिओथेरपीच्या मॅडम आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांचा गठ्ठा घेऊन आल्या. एक काडी साधारण दोन मिलिमीटर जाड. दातांमध्ये जेवढ्या बसतात तेवढ्या घालायच्या, मग मधी एक सरकवायची, आणि अर्धा मिनिट धरायची. पहिल्या महिन्यात जागेपणी दर दोन तासांनी. त्याआधी आपला सोलापुरी टॉवेल गरम पाण्यात पिळून दहा मिनिटं गालावर. पहिल्या दिवशी पंधरा काड्या गेल्या, दहाव्या दिवशी अकरा. मी घाबरून मॅडमना फोन केला, म्हणलं बंद होतंय परत. त्या म्हणाल्या दादा, दुखतंय म्हणून तुम्ही सोडताय, गोळी घ्या, अर्ध्या तासानं काड्या घाला, मला रात्री आकडा पाठवा. आणि खरंच रोज रात्री दहा वाजता आकडा पाठवायचो आणि उत्तर यायचं. एखाद्या दिवशी नाही पाठवला तर सकाळी फोन. वही अजून आहे माझ्याकडं, सकाळ-रात्र दोन रकाने, ११, ११, १२, ११, १२, १२, १३. बायकोनं पोराच्या शाळेच्या वहीवर समास आखतात तसा समास आखून दिला होता. एक काडी वाढायला मला कधी चार दिवस लागले कधी तीन आठवडे. स्क्रू फिरवून जबडा ताणायचं एक स्टीलचं यंत्र पण असतं, ते मला दिलं होतं, पण माझे दात किडलेले असल्यामुळं त्याचा जोर दातांवर येतोय म्हणून मॅडमनी बंद करून काड्यांवरच ठेवलं. असलं बारीक लक्ष.

आता एक स्टार का कापला.

पहिली गोष्ट, डिस्चार्जच्या कागदावर जागेपणी नळी घातली, श्वासाची वाट अवघड आहे, मान हलवू नये, ह्यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. उद्या माझा अॅक्सिडेंट झाला आणि दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये कुणी मान मागं करून नळी घालायला गेलं तर? हे मी दोन वेळा काउंटरवर सांगितलं, दोन वेळा नंतर या म्हणाले. शेवटी भूलतज्ज्ञ मॅडमना थेट गाठलं, त्यांनी दहा मिनिटांत सहीशिक्क्यानं पत्र दिलं, त्याची छोटी कॉपी लॅमिनेट करून मी पाकिटात आधार कार्डाच्या मागं ठेवलीय. हे पत्र मागितल्याशिवाय मिळायला पाहिजे होतं.

दुसरी, बिलिंग. अंदाजपत्रकात फिजिओथेरपी आणि ते स्टीलचं यंत्र धरलेलंच नव्हतं, शेवटच्या दिवशी वर निघालं. सगळं धरून दोन लाखांच्या आत झालं, त्याबद्दल तक्रार नाही, पण शेवटच्या दिवशी भावाला एटीएमला पळवावं लागलं ते बरं नाही. इन्शुरन्स कंपनीनं तर जबडा म्हणजे दात असं समजून आधी कॅशलेस नाकारलं, दाताचे उपचार पॉलिसीत बसत नाहीत म्हणून. सर्जननी पत्र लिहिलं की हा दात नाही, सांधा आहे आणि मूळ आजार संधिवाताचा आहे, सीटीचा रिपोर्ट जोडला, मग पास झालं. हे पत्र आधीच तयार ठेवा, मंजुरीच्या पहिल्या अर्जालाच जोडा. आणि ज्यांना सरकारच्या महात्मा फुले योजनेतनं करायचंय त्यांनी तिच्या काउंटरवर ऑपरेशनचं पूर्ण नाव लिहून घेऊन विचारा, नुसतं जबडा म्हणून विचारू नका.

तिसरी बारीक आहे पण लिहितो. वॉर्डात तोंड न उघडणाऱ्या माणसाला सकाळी उपमा आला. दोन वेळा. आहाराच्या मॅडमनी माफी मागितली आणि मग आंबील आणि सूप आलं.

बाकी काय बदललं विचाराल तर दात आता साफ होतात, तीन दाढांचे उपचार झाले, दोन काढाव्या लागल्या. वजन ५७ आहे. कडक भाकरी अजून चावत नाही, चावायला जाऊ पण नको असं सांगितलंय, ताजी मऊ भाकरी चालते, शेंगापोळी चालते. जांभई देताना जबडा उजवीकडं जातो आणि पोरगं बघून तसंच करतं.

जानेवारीत संक्रांतीच्या यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला (सिद्धेश्वराचं लग्न लावतात तो) सिद्धेश्वराच्या तळ्याजवळ संमती कट्ट्याकडं गेलो होतो. पाच वर्षं मी मिरवणुकीतल्या उंच काठ्या (नंदीध्वज) आल्या की हात जोडून गप्प उभा राहायचो, दात आवळून जेवढा आवाज निघेल तेवढाच. यंदा काठ्या समोरनं जाताना सगळ्यांबरोबर हर्र बोला हर्र म्हणलं, तोंड उघडून, शेजारी बायको उभी होती तिनं वळून बघितलं. गर्दीत दोन तास ओरडलो असेन. रात्री जबडा ठणकत होता, टॉवेल शेकला, काड्या घातल्या, सतरा गेल्या.